थैली आधी हातात होती

वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत डच चित्रकार हिरोनिमस बॉशचं एक चित्र आहे. ओकच्या फळीवर रंगवलेलं. उंची साधारण 93 सेंटीमीटर, रुंदी जेमतेम 31. पलंगावर एक कंजूष अखेरच्या घटका मोजतोय. दारातून हाती बाण घेतलेला सांगाडा, म्हणजे मृत्यू, आत शिरतोय. वर खिडकीतल्या क्रूसाकडे बघ, असं देवदूत त्याला विनवतोय आणि पडद्याखालून एक पिशाच्च पैशांची थैली पुढे करतंय. कंजुषाचा हात तिकडे वळलाय. घेणार की काय?

15व्या शतकात ‘मरावं कसं’ हे शिकवणाऱ्या छोट्या पुस्तिका युरोपात खूप लोकप्रिय होत्या. अंतकाळी मन वळलं तर आत्मा वाचतो, हा त्यांचा गाभा. त्यामुळे हा प्रश्न तेव्हा पुस्तकी नव्हता.

त्याचं अर्धं उत्तर रंगाखाली दडलेलं होतं. 1960च्या दशकात डच संशोधक व्हॅन आस्पेरेन डी बूर यांनी अवरक्त किरणांनी चित्रं तपासायची पद्धत विकसित केली. डोळ्यांना दिसणारा प्रकाश रंगाच्या थरांत अडकतो; अवरक्त किरणं मात्र बऱ्याच रंगांतून आरपार जातात आणि खालच्या खडूच्या पांढऱ्या अस्तरावरून परततात. काळ्या कार्बनच्या रेघा ती शोषून घेतात. म्हणून चित्रकाराचं कच्चं रेखाटन पडद्यावर काळं उमटतं.

इथे उमटलेल्या रेखाटनात थैली कंजुषाच्या हातातच आहे! दुसऱ्या हातात किमती भांडं. म्हणजे निकाल लागलेला. रंगवताना बॉशने दोन्ही काढून घेतलं. मला हा बदल थोर वाटतो: लोभाचं लेबल पुसून त्याने लोभाचा क्षण ठेवला.

लाकडानेही साक्ष दिली. लाकूडतज्ज्ञ पीटर क्लाइन यांनी फळ्यांवरची वाढवलयं मोजली. लूव्रमधली ‘मूर्खांची नौका’, येल विद्यापीठातला ‘खादाडपणा आणि वासना’ हा तुकडा, रोटरडॅमचा ‘वाटसरू’ आणि हा कंजूष यांच्या फळ्या एकाच झाडाच्या निघाल्या. एकाच घडीच्या चित्रावर, म्हणजे मधली फळी आणि बाजूला दुमडणारे दोन पंख असलेल्या चित्रावर, कुणीतरी करवत चालवली होती. एका पंखावर खादाडपणा, समोरच्या पंखावर लोभ. मधली फळी हरवली आहे.

आणि पलंगाच्या पायथ्याशी पाहा: एक म्हातारा, एका हातात जपमाळ, दुसऱ्याने पेटीतल्या थैलीत नाणं टाकतोय. थैलीचं तोंड आतून उघडून धरलंय ते उंदरासारख्या एका पिशाच्चाने.