रक्तातला वंश, रकान्यातला वंश

समजा, नाशिकची एक मुलगी १९६६ साली शिकायला शिकागोला गेली. तिथे एका कृष्णवर्णीय वर्गमित्राशी तिचं लग्न झालं. १९६९ साली मुलगी झाली, रेवा, आणि दोन वर्षांनी मुलगा, निखिल. इकडे वाड्यात काय काय बोललं गेलं असेल ते सोडून देऊ. आपल्याला बघायचा आहे तो अमेरिकेच्या जनगणनेचा फॉर्म.

१९७० च्या जनगणनेत प्रत्येकाला एकच वंश होता. आईबाप दोन वंशांचे असतील आणि काय लिहावं कळत नसेल, तर बापाचा वंश धरायचा असा नियम. त्यामुळे वर्षाची रेवा ठरली निग्रो. फॉर्मवर तेव्हा 'निग्रो किंवा ब्लॅक' असं छापलेलं होतं. गंमत तिच्या आईची. भारतीयांसाठी वेगळा चौकोन नव्हता आणि त्यांची मोजणी गोऱ्यांत होत होती. म्हणजे आई गोरी आणि मांडीवरची लेक निग्रो. १९८० साली 'एशियन इंडियन' हा नवा चौकोन आला, नियमही उलटला: शंका असेल तर आता आईचा वंश. रेवा भारतीय झाली. २००० साली पहिल्यांदा मुभा मिळाली की हवे तेवढे चौकोन भरा. एकतीस वर्षांच्या रेवाने दोन भरले. तीस वर्षांत तिचा वंश दोनदा बदलला, आणि तिच्या पेशींना त्याचा पत्ताही नव्हता.

मराठीत आणखी एक पंचाईत आहे. वंश या एकाच शब्दावर आपण दोन ओझी लादली आहेत. 'वंशाचा दिवा' म्हणताना मनात आजे-पणजे असतात, 'वंशभेद' म्हणताना कातडीचा रंग. या लेखापुरतं पहिल्याला वंशमूळ म्हणू. ते शरीरात शोधता येतं, आणि बऱ्यापैकी सापडतंही.

कसं, ते गोधडीवरून चटकन कळेल. आपल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात, जोडीतलं एक आईकडून आलेलं, एक बापाकडून. रेवाच्या बापाच्या शरीरात शुक्रबीज तयार होताना जोडीतलं एक गुणसूत्र उचलून जसंच्या तसं पुढे दिलं जात नाही. त्याच्या आईचं लुगडं आणि बापाचं धोतर शेजारी ठेवून, काही ठिकाणी कापून, तुकडे एकमेकांना जोडले जातात. शुक्रबीजात अशी जोडणी सगळ्या गुणसूत्रांत मिळून सरासरी पंचवीस-तीस जागी होते, स्त्रीबीजात चाळीसच्या आसपास. आणि प्रत्येक वेळी कात्री नव्या जागी चालते.

त्यामुळे आईबापांचा वाटा प्रत्येक मुलात जवळजवळ निम्मा-निम्मा असला, तरी आजी-आजोबांचा वाटा चोख पाव नसतो. एका नातवंडात आजीचा तीस टक्के आणि आजोबांचा वीस, असं सहज होतं. दहा पिढ्या मागे गेलो तर वंशावळीत १,०२४ जागा भरतात, पण त्यातल्या कित्येकांचा एकही तुकडा आपल्यापर्यंत पोचलेला नसतो. ते आपले पूर्वज खरेच, गोधडीत मात्र नाहीत.

आता रेवाच्या बापाकडे वळू. आफ्रिकन अमेरिकन लोकांच्या डीएनएचा जो मोठा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला, त्यात सरासरी २४ टक्के वंशमूळ युरोपीय निघालं. त्यामागे मुख्यतः गुलामगिरीच्या काळातले गोरे मालक आहेत, आणि त्या संबंधांत बाईची संमती कुणी विचारत नव्हतं. म्हणजे रेवाच्या अंगात साधारण बारा टक्के युरोप असणार. कात्रीच्या लहरीप्रमाणे तिच्यात पंधरा आणि निखिलमध्ये नऊ, असंही होईल. तरी तिने 'गोरी' हा चौकोन भरावा असं कुणाच्या मनातही येत नाही. आफ्रिकेचा थोडासा अंश असला तरी माणूस काळा, आणि युरोपचा बराच अंश असला तरी तो गोरा नाही, हा हिशोब जीवशास्त्राने केलेला नाही.

आईची बाजू तरी 'शुद्ध भारतीय' म्हणावी, तर तिथेही गोधडीच आहे. उपखंडातले जुने शिकारी-संग्राहक, इराणच्या बाजूच्या लोकांशी जवळचं नातं असलेला समूह आणि मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातून आलेले पशुपालक, असे मुख्य धागे कमीअधिक प्रमाणात आपल्यात आहेत. ही सरमिसळ मुख्यतः सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी झाली असा अंदाज २०१३ मध्ये मांडला गेला. मिश्र वंशाचं मूल म्हणून रेवाकडे वळून बघणाऱ्या नाशिककरालाही हे लागू आहे.

मग डीएनए चाचणी करणाऱ्या कंपनीकडे नळीत थुंकी भरून पाठवली की वंशमुळाची टक्केवारी येते, तिचं काय? ती निरर्थक नाही, पण ती कशी काढतात ते माहीत हवं. डीएनएमधल्या काही लाख जागा तपासतात आणि संदर्भ म्हणून जमवलेल्या आजच्या लोकांच्या नमुन्यांशी ताडून बघतात. नमुन्यांत भर पडली की उत्तर बदलतं. काल जो तुकडा नुसता 'दक्षिण आशिया' होता, तो उद्या एखाद्या प्रांताच्या नावावर जमा होतो. थुंकी तीच असते. शिवाय चाचणी वंशमूळ सांगते, चौकोन सांगत नाही. जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड ल्यूवॉन्टिन यांनी १९७२ साली हिशोब मांडला होता: माणसामाणसांतल्या जनुकीय फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच समूहाच्या आतले असतात, आणि ज्यांना आपण वंश म्हणतो त्यांच्यामधले जेमतेम ६ टक्के.

रंगाचं तर विचारूच नका. एसएलसी२४ए५ नावाच्या जनुकात एका अक्षराचा फरक झाला की कातडी उजळते. हे २००५ साली उमगलं ते झेब्राफिश या बोटभर माशामुळे. तो बदल जवळजवळ सगळ्या युरोपीयांत आहे आणि भारतातही भरपूर पसरलेला आहे. रेवाच्या आईकडे त्याची एकच प्रत असेल, तर ती रेवाला मिळेल आणि निखिलला नाही, असं होऊ शकतं. रंग ठरवणारी जनुकं अशी बरीच आहेत. सख्खी भावंडं, पण दुकानात शिरताना रखवालदाराची नजर एकाच्याच मागे फिरते.

कवट्या मोजून वंश सिद्ध करायची खटपट जिथे चालली होती, तिथे आपली एक बाई जाऊन आली आहे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस इरावती कर्वे बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली डॉक्टरेट करत होत्या. या फिशरची कीर्तीच मुळी मिश्र वंशाच्या अभ्यासावर उभी होती: आजच्या नामिबियातल्या रेहोबोथ इथे, बोअर (मुख्यतः डच मुळाचे गोरे वसाहतवाले) पुरुष आणि स्थानिक स्त्रिया यांच्या वंशजांना त्याने १९०८ साली मोजलं, आणि अशी लग्नं नकोत असा निष्कर्ष काढला. इरावतीबाईंपुढे प्रश्न होता कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकाचा. गोऱ्यांची कवटी एका बाजूला जास्त वाढलेली असते, कारण त्यांची बुद्धी मोठी, अशी अपेक्षा होती. बाईंनी मापं घेतली. कवट्या थोड्याफार वाकड्या सगळ्यांच्याच निघाल्या. वंशाशी त्याचा संबंध दिसला नाही, आणि गुरूच्या संस्थेत बसून त्यांनी तसं लिहिलं. मला हे त्यांच्या नंतरच्या सगळ्या लौकिकापेक्षा मोठं वाटतं.

१९३५ साली नाझी जर्मनीत ज्यूंचे हक्क काढून घेणारे न्यूरेंबर्गचे कायदे आले, तेव्हा ज्यू कोण हे ठरवायला ना कवटी कामी आली ना रक्त. चारपैकी किती आजी-आजोबांची नावं ज्यू धर्मसमाजाच्या नोंदीत होती, ते बघावं लागलं.

अमेरिकेतली न्यायालयंही याच चिखलात रुतली होती. बाहेरून आलेल्यांपैकी नागरिकत्व गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्यांना, असा कायदा. १९१० साली मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बालसारा गोरे ठरले. १९२२ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ताकाओ ओझावा या जपान्याला नाकारलं, का तर तो कॉकेशियन नाही, म्हणजे शास्त्रज्ञ तेव्हा ज्याला गोरा वंश म्हणत त्यातला नाही. तीनच महिन्यांनी पंजाबचे भगतसिंग थिंड उभे राहिले आणि म्हणाले, शास्त्रज्ञ तर मला कॉकेशियन म्हणतात. त्याच न्यायालयाने उत्तर दिलं की शास्त्रज्ञांचं राहू द्या, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा.

आता माणसालाच विचारतात, त्यामुळे निवड ज्याची त्याची. बराक ओबामांची आई गोरी. २०१० च्या फॉर्मवर त्यांनी फक्त काळ्यांचा चौकोन भरला. त्या वर्षी एकाहून अधिक वंश सांगणारे ९० लाख होते, २०२० मध्ये ३ कोटी ३८ लाख. एवढी मिश्र लग्नं दहा वर्षांत होत नाहीत. बदलला मुख्यतः फॉर्म. काळा आणि गोरा या चौकोनांखाली मूळ लिहायला रेघ आली, आणि संगणक त्या रेघेवरची ३० ऐवजी २०० अक्षरं वाचून प्रत्येक शब्दाला त्याच्या वंशाचा क्रमांक देऊ लागला.

आपल्या निखिलनेही ओबामांसारखा एकच चौकोन भरला असता. त्याखालच्या रेघेवर, आईची आठवण म्हणून, 'आफ्रिकन अमेरिकन' पुढे 'एशियन इंडियन' एवढं लिहिलं असतं. जनगणना खात्याने त्याला मिश्र वंशात मोजलं असतं.