वनसमिती आहे म्हणजे जंगल गावाचं झालं असं नाही हो

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाचं नाव निघालं की कोणीतरी हमखास म्हणतं, "हां, ती वनखात्याची गावसमितीवाली स्कीम ना?" नाही! पेपरवालेसुद्धा तेच छापतात तेव्हा जास्त डोकं फिरतं.

ती गावसमितीवाली स्कीम म्हणजे संयुक्त वनव्यवस्थापन, खातं आणि गाव मिळून जंगल राखायचं, ते सगळ्यांना माहितीये, १९९० चं केंद्राचं परिपत्रक, मग राज्याचे जीआर, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, संत तुकाराम वनग्राम योजनेची बक्षिसं. मेंढ्याकडे आहे तो सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर अख्ख्या गावाचा हक्क, आणि तो आला २००६ च्या वनहक्क कायद्यातून. (वैयक्तिक वनहक्क, तो चार हेक्टरपर्यंतचा, तिसराच विषय, इथे घुसडू नका.)

घोळ होतो समितीपाशी, कारण समिती दोन्हीकडे असते, आणि मेंढा आधी संयुक्तमध्येही होतं. पण संयुक्तमध्ये सचिव वनखात्याचा माणूस, आराखड्याला मंजुरी खात्याची, गावाला उत्पन्नात वाटा. म्हंजे राखण तुमची, माल कधी कोणाला द्यायचा ते साहेब बघणार. वनहक्कात ग्रामसभा आपल्यातूनच समिती निवडते, आणि काय तोडायचं, काय अजिबात नाही, हे ग्रामसभाच ठरवते.

याची परीक्षा झाली बांबूवर. धानोरा तालुक्यातल्या या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरवर हक्क मिळाला, पण बांबू गाडीत भरून बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो आणि त्या परवान्यांचं पुस्तक तेव्हा खात्याकडे, खातं म्हणत होतं बांबू म्हणजे लाकूड, आणि वनहक्क कायद्यात तर बांबू गौण वनोपजात (लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालात) सरळ लिहिलेला! शेवटी एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले तेव्हा ते पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडलं. नुसत्या संयुक्तवाल्या गावाला ते मिळत नाही.

आणि नको म्हणायचा हक्कही इथेच. चंद्रपूर जिल्ह्यातलं पाचगाव बघा, २०१२ ला हक्क मिळाला, बांबू विकतात, पण तेंदूपत्ता (विडीचं पान) तोडायचा नाही असं ठरवलंय, कारण नवी पालवी जोमात यावी म्हणून फांद्या छाटतात, आगी लावतात, जंगलाची वाट लागते. ऐन उन्हाळ्यातला रोख पैसा सोडणं सोपं नसतं राव. आदिवासींच्या पारंपरिक ज्ञानावर भाषणं ठोकणाऱ्यांनी हे आधी बघावं, झाडाला काय सोसतं हे गावाला पूर्वीपासून कळतं, पण तोडणीचा ठेका दुसरंच कोणी देत असेल तर त्या कळण्याचं करायचं काय?

आपल्या गावात नेमकं काय आहे कळत नसेल तर कागद मागा. हक्कपत्रावर जिल्हाधिकाऱ्यांची सही असते. नुसता समिती नोंदणीचा कागद निघाला तर सामूहिक वनहक्काचा दावा अजून टाकायचाय, आणि तो ग्रामसभेनेच टाकायचा असतो.