मद्यविरहित कॉकटेल आणि ग्रीन टीचा तुरटपणा

मद्यविरहित कॉकटेल करताना बहुतेक वेळा मूळ कृतीतील मद्य वगळले जाते, त्याच्या जागी फळांचा रस किंवा सोडा वाढवला जातो आणि पेल्यात उतरते ते एक गोड-आंबट, रंगीत सरबत. ते चवीला वाईट असते असे नाही. पण दोन-चार मोठ्या घोटांत ते संपते आणि जिभेवर साखरेखेरीज काही मागे ठेवत नाही. कॉकटेलमधला मद्यार्क नशेखेरीज इतरही बरीच कामे करत असतो. तो तोंडात किंचित जळजळ निर्माण करतो, पेयाला दाटपणा देतो, पाण्यात सहज न विरघळणारी सुगंधी द्रव्ये धरून ठेवतो आणि या सर्वांमुळे पिणाऱ्याला लहान घोट घेत सावकाश प्यायला लावतो. हा अडसर काढून टाकला, तर त्याच्या जागी दुसरा, सौम्य अडसर ठेवावा लागतो. स्वयंपाकघरात सहज असणाऱ्या पदार्थांपैकी हे काम ग्रीन टीइतके नेमके करणारे फारसे काही नाही, असे माझे मत आहे.

काळा चहा आणि ग्रीन टी हे दोन्ही कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच वनस्पतीच्या पानांपासून तयार होतात. काळ्या चहासाठी पाने चुरगाळली जातात, त्यामुळे पानांतील विकरांचा (एन्झाइमांचा) हवेशी आणि पॉलिफेनॉल वर्गातील द्रव्यांशी संपर्क येतो, या द्रव्यांचे ऑक्सिडीकरण होते आणि पान तपकिरी पडते. ग्रीन टीसाठी मात्र खुडलेल्या पानांना लवकरच उष्णता दिली जाते. जपानमध्ये ती प्रामुख्याने वाफेने, तर चीनमध्ये प्रामुख्याने तापलेल्या कढईत दिली जाते. उष्णतेने विकर निकामी होतात आणि पानांतील कॅटेचिन नावाची पॉलिफेनॉल द्रव्ये बव्हंशी जशीच्या तशी टिकून राहतात. जपानी रसायनशास्त्रज्ञ मिचियो त्सुजिमुरा यांनी १९२९ मध्ये ग्रीन टीमधून कॅटेचिन वेगळे केले. या गटातील एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट, म्हणजे ईजीसीजी, हे द्रव्य सर्वांत अधिक प्रमाणात असते. आपल्या दृष्टीने महत्त्वाचेही तेच.

तुरटपणा आणि कडवटपणा यांत आपण सहसा फारसा भेद करत नाही, पण शरीराच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कडू चव जिभेवरील चवीच्या ग्राहींमार्फत, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या रेणूंमार्फत, कळते. तुरटपणाचा संबंध मात्र मुख्यतः स्पर्शाशी आहे. आपल्या लाळेत प्रोलिन या अमिनो आम्लाने समृद्ध अशी प्रथिने असतात आणि त्यांच्यामुळे तोंडाच्या आतला भाग बुळबुळीत, ओलसर राहतो. कॅटेचिनचे रेणू या प्रथिनांना चिकटतात, त्यांचे पुंजके बनतात, तोंडातील वंगण कमी होते आणि जीभ टाळूला किंचित घासल्यासारखी वाटते. ही भावना पहिल्या घोटाला पुरती कळत नाही. घोटामागून घोट घेतला की ती साचत जाते. साखरेचा गोडवा तोंडात रेंगाळून नकोसा होऊ लागतो नेमक्या त्याच वेळी हा कोरडेपणा पुढे येतो आणि तोंड स्वच्छ झाल्याची जाणीव देतो. ग्रीन टी घातलेले पेय सरबतापेक्षा अधिक ‘प्रौढ’ लागते, ते यामुळे.

यावरून एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो: चहा गरम पाण्यात काढावा की थंड पाण्यात? थंड पेयांसाठी पाने रात्रभर थंड पाण्यात भिजत ठेवण्याचा सल्ला सरसकट दिला जातो. असा चहा मऊ आणि गोडसर लागतो, याला कारण आहे. थिअनाइन हे अमिनो आम्ल थंड पाण्यातही सहज उतरते. १९४९ मध्ये जपानमध्ये चहाच्या पानांतून वेगळे केलेले हे द्रव्य ग्रीन टीला तिची रसदार, किंचित सूपसारखी चव देते. कॅफीन आणि ईजीसीजी यांना मात्र पानातून बाहेर पडण्यासाठी उष्णतेची मदत अधिक लागते, म्हणून थंड पाण्यातल्या चहात तुरटपणा आणि कडवटपणा दोन्ही कमी असतात. नुसता चहा प्यायचा असेल, तर ही पद्धत उत्तम आहे. पण लिंबाचा रस आणि साखरेचा पाक यांच्या संगतीत हा मऊ चहा पार हरवून जातो आणि ज्या तुरटपणासाठी आपण ग्रीन टी निवडला, तोच पेयात उरत नाही. त्यामुळे आंबट-गोड कॉकटेलसाठी मी गरम पाण्यातल्या दाट चहाची बाजू घेईन आणि थंड पाण्यातला चहा काकडी किंवा नुसता सोडा यांसारख्या अबोल सोबत्यांसाठी राखून ठेवीन.

दाट चहासाठी १०० मिलीलिटर पाण्याला ३ ग्रॅम पाने, ७५ ते ८० अंश सेल्सिअस तापमान आणि सुमारे ३ मिनिटे हे प्रमाण ठीक आहे. उकळते पाणी थेट ओतल्यास कॅटेचिन आणि कॅफीन दोन्ही झपाट्याने उतरतात आणि कडवटपणा इतका वाढतो की तो झाकण्यासाठी साखर ओतत बसावे लागते. दाट चहा थंड झाल्यावर कधीकधी गढूळ दिसतो. कॅफीन आणि पॉलिफेनॉल एकमेकांना धरून पाण्यातून वेगळी होऊ लागतात, त्याचा हा परिणाम असतो. चहा बिघडला असा त्याचा अर्थ नाही.

यानंतरची पायरी कंटाळवाणी वाटली तरी टाळण्यासारखी नाही: गाळलेला चहा शेकरमध्ये, म्हणजे कॉकटेल हलवण्याच्या झाकणाच्या भांड्यात, घालण्यापूर्वी फ्रिजमध्ये थंड करावा. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ३३४ ज्यूल उष्णता शोषून घेतो, तर एक ग्रॅम पाण्याचे तापमान एका अंशाने उतरवण्यासाठी त्यातून सुमारे ४.२ ज्यूल उष्णता काढावी लागते. म्हणजे २५ अंशांवरचा १०० ग्रॅम चहा शून्य अंशापर्यंत नेण्यासाठी, बर्फ शून्य अंशाचा धरला तर, ३१ ग्रॅमच्या आसपास बर्फ वितळतो आणि जवळपास तेवढेच पाणी पेयात मिसळते. तोच चहा आधी ५ अंशांवर असेल, तर जेमतेम ६ ग्रॅम बर्फ पुरतो. मद्याच्या कॉकटेलमध्ये बर्फाचे पाणी कृतीत गृहीतच धरलेले असते, कारण ते मद्याचा तीव्रपणा कमी करते. चहा मुळातच पाणीदार असल्यामुळे त्याला ही चैन परवडत नाही.

थंडपणाचा चवीवरही परिणाम होतो. गोड आणि कडू चवींचा संदेश पुढे नेणारी टीआरपीएम-५ नावाची एक प्रथिनवाहिनी चवपेशींत असते आणि १५ ते ३५ अंशांच्या दरम्यान तापमान वाढेल तसे तिचे कार्य वाढत जाते, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. म्हणून कोमट मिश्रणात बरोबर वाटलेला गोडवा बर्फावर फिका पडतो. पाक कमी-जास्त करायचा तो मिश्रण थंड झाल्यावरच. कडवटपणा नको तितका उतरला असेल, तर साखरेच्या आधी चिमूटभर मीठ घालून पाहावे. मिठातील सोडियम कडू चव दाबते आणि ती दबली की मागे लपलेला गोडवा आपोआप वर येतो.

लिंबाचा रस केवळ आंबटपणासाठी घालतात असे वाटते, पण ग्रीन टीच्या बाबतीत तो रखवालदारही आहे. कॅटेचिन आम्लधर्मी द्रवात टिकतात. आम्लता जितकी कमी तितके त्यांचे ऑक्सिडीकरण लवकर होते आणि हिरवट-पिवळा चहा तपकिरी पडत जातो. बाटलीबंद ग्रीन टीमध्ये जीवनसत्त्व ‘क’ घातलेले आढळते तेही याच ऑक्सिडीकरणाला आळा घालण्यासाठी. याउलट सफरचंदाचा ताजा रस जपून वापरावा, कारण कापलेले सफरचंद ज्या विकरामुळे काळवंडते ते चहातील कॅटेचिनवरही काम करते. तो घालायचाच असेल, तर रस काढताक्षणी त्यात लिंबू पिळावे.

राहिली ती जळजळ. मद्यार्काची धग आपल्याला टीआरपीव्ही-१ या ग्राहीमुळे जाणवते. एरवी हा ग्राही ४३ अंशांच्या आसपासच्या उष्णतेला जागा होतो, पण मद्यार्काच्या सान्निध्यात ही मर्यादा शरीराच्या तापमानाखाली उतरते आणि तोंडाची स्वतःची ऊबच चटका वाटू लागते. आल्यातील जिंजेरॉल आणि मिरचीतील कॅप्सेसिन ही द्रव्येही हाच ग्राही उद्दीपित करतात, त्यामुळे आल्याचा पाक हा मद्याच्या धगीला शास्त्रीयदृष्ट्याही जवळचा पर्याय ठरतो. पुदिन्यातील मेंथॉल थंडीच्या टीआरपीएम-८ या ग्राहीला फसवते. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापुटियन यांनी स्वतंत्रपणे मेंथॉलचाच उपयोग करून हा ग्राही शोधला. तापमान आणि स्पर्श यांच्या ग्राहींवरील शोधांसाठी या दोघांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे सारे एकत्र आणायचे, तर ९० मिलीलिटर थंड केलेला दाट ग्रीन टी, २० मिलीलिटर लिंबाचा रस, समान वजनाच्या साखर-पाण्यात आले उकळून गाळलेला २० मिलीलिटर पाक आणि मिठाचे मोजके कण बर्फासह शेकरमध्ये घालून दहा-बारा सेकंद जोरात हलवावेत आणि थंड पेल्यात गाळून त्यावर ४० मिलीलिटर सोडा ओतावा. सोडा शेकरमध्ये कधीही घालू नये, कारण वायूच्या दाबाने झाकण उडते. तो थंडगारही असावा: शून्य अंशावर एक लिटर पाण्यात सुमारे १.७ लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळतो, २० अंशांवर त्याच्या जेमतेम निम्मा. पुदिन्याची पाने तळहातावर एकदा थोपटून पेल्याच्या काठाशी, नाकाजवळ ठेवावीत. थंड पेयातून सुगंध कमी उडतो, ती उणीव यामुळे भरून निघते.

असे पेय मद्यविरहित असले तरी कॅफीनविरहित नसते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलीग्रॅम आणि गर्भवतींसाठी २०० मिलीग्रॅमपर्यंतचे कॅफीन चिंतेचे नसल्याचे म्हटले आहे. दाट चहाचे एक-दोन पेले या मर्यादेच्या बरेच आत राहतात, मात्र रात्रीच्या झोपेवर त्यांचा परिणाम होऊ शकतो. चहातील पॉलिफेनॉल वनस्पतिजन्य अन्नातील लोहाचे शोषण घटवतात, म्हणून रक्तात लोह कमी असणाऱ्यांनी हे पेय जेवणासोबत घेऊ नये. थंड पाण्यात काढलेला चहा जंतू मारणाऱ्या उष्णतेतून जात नाही. तो स्वच्छ भांड्यात, फ्रिजमध्येच भिजवावा आणि दिवसाभरात संपवावा. शिवाय कॉकटेलमध्ये थेंबाथेंबाने घातले जाणारे बिटर्स, म्हणजे कडू सुगंधी अर्क, बहुधा मद्यार्कातच बनवलेले असतात, तेव्हा ज्यांना मद्य पूर्णपणे वर्ज्य आहे अशांसाठी पेय करताना बाटलीवरील घटकांची यादी आधी वाचावी.