वारसा, वारसनोंद आणि सोलापूरचे वाडे

‘तुमची वास्तू वारसा यादीत घेण्याचे प्रस्तावित आहे’ असे पत्र कसब्यातल्या वाड्यात आले, तर घरातले आधी उतारा काढून बघतात. आपल्याकडे वारसा म्हणजे वारसनोंद, चुलत्यांचे हिस्से, बहिणींचे हक्कसोड पत्र. कुणीतरी हिस्सा मागायला निघाले असणार, हीच पहिली शंका. सोलापुरात जुन्या इमारती जपण्याचा विषय निघाला की निम्मे भांडण या एका शब्दापाशी होते. त्याला ‘संरक्षित’ हा दुसरा शब्द जोडला की वास्तू सरकारजमा होणार, अशी समजूत पक्की होते.

ही समजूत उगाच तयार झालेली नाही. शहराने संरक्षण पाहिले ते भुईकोट किल्ल्याच्या रूपाने. बहमनी काळापासूनचा हा किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. १९०४ चा जुना आणि १९५८ चा सध्याचा, असे दोन केंद्रीय कायदे त्यामागे आहेत. १९५८ च्या कायद्यात वास्तू किमान १०० वर्षांची असावी लागते. २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीची अट आली. शहराच्या ऐन मध्यावर असा पट्टा पडला की त्याची झळ किती घरांना लागते, हे नकाशा न बघताही कळते. त्यामुळे ‘संरक्षित’ म्हटले की सोलापूरकराच्या डोळ्यांसमोर किल्ला, कुंपण आणि नामंजूर झालेला बांधकाम परवाना येतो.

वारसा यादी ही मात्र वेगळी गोष्ट आहे. तिचे मूळ पुरातत्त्वात नाही, नगररचनेत आहे. १९६६ च्या नगररचना कायद्याखालच्या नियमावलीत तिला जागा मिळाली आणि १९९५ मध्ये मुंबईने देशात पहिल्यांदा असे नियम लागू केले. वास्तूंच्या तीन श्रेणी ठरल्या. पहिल्या श्रेणीत बाहेरून-आतून जवळपास काहीच बदलायचे नाही, दुसरीत मर्यादित फेरफार, तिसरीत परिसराचा बाज सांभाळून बरीच मोकळीक. यादी अंतिम करण्याआधी हरकती-सूचना मागवायच्या. मालकी बदलत नाही, राहणाऱ्याला कुणी उठवत नाही, भोवती १०० मीटरचे रिंगणही पडत नाही. संमती मात्र बंधनकारक नाही. मालकाला हरकत घेता येते, नकाराधिकार नाही. वाद सगळा इथेच आहे. माझे मत स्पष्ट सांगतो : गावाच्या ओळखीचा भाग असलेल्या दर्शनी भिंतीवर गावाचा शब्द चालावा, हे मला पटते. पण गावाने शब्द चालवायचा आणि खर्च एकट्या मालकाने करायचा, हे पटत नाही.

खर्च म्हणजे काय, ते माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, उभे राहिल्याशिवाय समजत नाही. आपल्याकडचा वाडा लाकडी खांब, तुळया, त्यावर फळ्या आणि वर मातीचा जाड थर असा असतो. मृगाआधी त्या थरावर नवी माती घालायची, ती ठोकून बसवायची, पाण्याचा उतार पन्हाळीकडे धरायचा, साण्याच्या (छतातल्या झरोक्याच्या) कडा बुजवून घ्यायच्या. एक वर्ष चुकले की पाणी मुरते, तुळईचे भिंतीत गेलेले टोक आतून कुजते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. माझ्या आजोळी असेच झाले. सोप्यावरच्या तुळईत बोट घातले तर ते पेरभर आत गेले. ती बदलायला सागवान हवे होते आणि लाकडाचे सांधे जमणारा सुतार हवा होता. दोन्ही मिळेना, म्हणून स्लॅब पडला. कोरीव कणी गेली, उन्हाळ्यातला गारवाही गेला.

जिथे भाडेकरू होते तिथे गोष्ट आणखी अवघड. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडे १९४० च्या पातळीला बांधले. १९९९ च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली, पण मूळ आकडाच इतका लहान की त्यातून मातीची पाटीही येत नाही. मालक दुरुस्ती करत नाही, भाडेकरू सोडत नाही. मग पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी निघते आणि १९४९ च्या महापालिका कायद्याच्या कलम २६४ ची नोटीस दारावर लागते. एकच वाडा एका कायद्याने जपण्याजोगा आणि दुसऱ्याने पाडण्याजोगा ठरू शकतो. अशा वेळी पाडण्याची बाजू वरचढ ठरते, कारण तिथे माणसांच्या जिवाचा प्रश्न असतो.

टिकले ते कशामुळे, हेही पाहण्यासारखे आहे. इंद्रभुवन ही इमारत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका श्रीमंत व्यापाऱ्याने हौसेने बांधली. ती उभी राहिली, कारण तिथे महापालिकेचा कारभार चालला, रोज माणसे जिने चढली, गळती लागली की कुणाच्या तरी टेबलावर फाइल गेली. स्मार्ट सिटीच्या काळात तिच्या जतनाचे कामही झाले. चीनमध्ये रुग्णसेवा करताना गेलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे घर स्मारक म्हणून राखले गेले. १९३० मध्ये ब्रिटिशांनी शहरात लावलेल्या मार्शल लॉची (लष्करी अमलाची) आठवण मात्र आपण चौकातल्या पुतळ्यांत जपली. ज्या रस्त्यांवर, ज्या इमारतींपुढे ते घडले त्यांची नोंद तेवढ्या आस्थेने झाली नाही. बाळीवेस, तुळजापूर वेस, विजापूर वेस ही नावे आजही रिक्षावाल्याला सांगता येतात, पण वेशीचा दरवाजा शोधून सापडत नाही.

मला सगळ्यात जास्त खटकते ती गिरण्यांची बाजू. १८७७ मध्ये जुनी मिल सुरू झाली, पाठोपाठ नरसिंगगिरजी, विष्णू, लक्ष्मी आल्या. या शहराचा दिवस भोंग्यावर उगवत होता. नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णू बंद पडली तेव्हा चर्चा झाली ती कामगारांच्या देण्यांची आणि जमिनीची. ते योग्यच होते. पण विणकाम खाते, वाफेचे इंजिन, कामगार चाळी, पूर्व भागातली माग बसवलेली घरे, सेटलमेंट (इंग्रजांनी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींची वसाहत) ही सगळी शहर घडवणारी ठिकाणे आहेत, असे म्हणणारे फार थोडे होते. नक्षीदार कमान दिसली की वारसा आणि पत्र्याची शेड दिसली की भंगार, अशी आपली नजर झाली आहे. श्रेणी ठरवण्याच्या निकषांत सामाजिक आणि आर्थिक इतिहासाचे मूल्य लिहिलेले असते. सोलापुरात गिरण्यांच्या आवारांना आणि चाळींना तो निकष लावायचा, तर मोजमाप, छायाचित्रे आणि तिथे राबलेल्या माणसांच्या जबान्या आधी गोळा कराव्या लागतील. त्या पिढीतले लोक आता सत्तरीच्या पुढे आहेत.