सौर बस, खाजगी पैसा आणि परमिट: बेळगाव सीमाभागातली पार्श्वभूमी

खाजगी पैशातून सौर विजेवर चालणारी सार्वजनिक बस, असा वेगळा वर्ग आपल्या कायद्यात नाही. रस्त्यावरचं मोटार वाहन कायदा बघतो, विजेचं 2003 चा वीज कायदा. विजेकडची वाट बरीच मोकळी झाली आहे. बेळगाव–खानापूर किंवा निपाणीकडे बस घालू पाहणाऱ्याची अडचण रस्त्याकडे आहे, आणि ती जुनी आहे.

1 जून 1948 ला पुणे–अहमदनगर मार्गावर मुंबई राज्याची पहिली एसटी धावली, तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातच होता. 1 नोव्हेंबर 1956 ला तो म्हैसूर राज्यात गेला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने 1939 च्या मोटार वाहन कायद्यात प्रकरण 4-अ आलं. सरकारी परिवहन उपक्रमाने एखाद्या मार्गाची किंवा भागाची योजना मांडायची, हरकती ऐकल्या जायच्या, आणि योजना मंजूर झाली की तिथून खाजगी गाड्या पूर्ण किंवा अंशतः बाहेर. 1988 च्या कायद्यात हेच सहावं प्रकरण झालं, कलम 97 ते 108. दरम्यान 1961 मध्ये राज्याचं परिवहन महामंडळ झालं आणि 1997 मध्ये त्यातून हुबळीचं वायव्य कर्नाटक महामंडळ वेगळं निघालं.

खाजगीवाल्यांनी त्यातून काढलेली पळवाट म्हणजे कंत्राटी परमिट. या परमिटवर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी ठरलेले प्रवासी न्यायचे. वाटेत थांबून सुटे प्रवासी भरायचे तर टप्पा वाहतुकीचं परमिट लागतं. वडाप, म्हणजे वाटेत प्रवासी भरत जाणारी खाजगी गाडी, नेमकं इथेच नियमाबाहेर जातं. कर्नाटकाने 1976 मध्ये कायदा करून कंत्राटी बसच ताब्यात घेतल्या, सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये तो वैध ठरवला. 2003 मध्ये राज्याने स्वतःच तो कायदा मागे घेतला. टप्पा वाहतुकीवरच्या योजना मात्र त्याने हलल्या नाहीत.

18 ऑक्टोबर 2018 ला केंद्राने बॅटरीवरच्या प्रवासी आणि माल वाहनांना परमिटच्या अटीतून सूट दिली. परमिट गेलं म्हणजे मार्ग मोकळा झाला, असा अर्थ अनेकांनी काढला. तो घाईचा आहे. परमिटची अट कलम 66 मध्ये, म्हणजे पाचव्या प्रकरणात येते. आणि पाचव्या प्रकरणाशी विसंगती आली तर सहावं प्रकरण वरचढ, असं कलम 98 सांगतं. म्हणून गाडी घेण्याआधी आपल्या मार्गावर मंजूर योजना आहे का, तिच्यात कोणाला वगळलंय, हे आरटीओत बघून घ्यावं. दुसरीही एक गोची आहे. वेळापत्रक, भाडेपत्रक आणि थांबे या अटी परमिटलाच जोडलेल्या असतात. परमिट नाही तर पहाटेची तोट्यातली फेरी चालवायला कोण लावणार? सूट देताना हा भाग रिकामाच राहिला, असं आमचं मत.

आता उन्हाचा हिशेब. 9 मीटरची बस किलोमीटरला साधारण 1 युनिट खाते. बेळगाव–खानापूर सुमारे 26 किलोमीटर; दिवसाला चार येरझाऱ्या म्हणजे 208 किलोमीटर, आणि चार्जिंगची घट धरून 230 युनिट. 1 किलोवॉट पॅनेल वर्षाच्या सरासरीने रोज 4 युनिट देतं, म्हणजे 57-58 किलोवॉट हवेत आणि त्यांना सुमारे 6,000 चौरस फूट मोकळं छप्पर. बसच्या टपावर फार तर 3 किलोवॉट बसतील. त्यांचे 12 युनिट खानापूरच्या निम्म्या वाटेतच संपतील. रेल्वेने 2017 मध्ये डेमू (डिझेलवरच्या लोकल गाडीच्या) डब्यांवर 300 वॉटची 16-16 पॅनेल लावली, तीही दिवे-पंख्यांपुरती. शिवाय टपावर नंतर पॅनेल ठोकणं हा कलम 52 खाली वाहनातला बदल ठरू शकतो, आणि तो पासिंगला अडकतो.

त्यामुळे पॅनेल डेपोच्या छपरावरच. पण ऊन दुपारी, आणि चार्जिंग बहुतेक रात्री. दिवसाची वीज हेस्कॉमच्या (इथल्या सरकारी वीज कंपनीच्या) ग्रिडला देऊन रात्री परत घ्यायची, तर नेट मीटरिंग लागतं. 2021 च्या केंद्रीय नियमांनी त्याला 500 किलोवॉट किंवा मंजूर भार (वीज कंपनीने जोडणीला मंजूर केलेले किलोवॉट), यांतलं कमी ते, अशी मर्यादा दिली. मंजूर भार आधीच नीट मागितला नाही, तर छप्पर मोठं असूनही पॅनेल कमी लावावी लागतात. जून ते ऑगस्ट खानापूरकडे ढग हटत नाहीत. त्या महिन्यांत वीज विकत घ्यावी लागणार, हे भाडं ठरवतानाच धरावं. चार्जिंग स्टेशनला वीज विक्रीचा परवाना लागत नाही, हे ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल 2018 मध्येच स्पष्ट केलं. छप्पर अपुरं पडलं तर दुसरीकडची सौर वीज आणता येते: खुल्या प्रवेशाची, म्हणजे ग्रिडवरून दुसऱ्या उत्पादकाची वीज थेट घेण्याची, किमान मर्यादा हरित विजेसाठी 2022 च्या नियमांनी 1 मेगावॉटवरून 100 किलोवॉटवर आली.

सीमेपलीकडे महाराष्ट्रात शिनोळी, चंदगड किंवा कोल्हापूरला जायचं तर आणखी एक पायरी. कलम 88 नुसार एका राज्याच्या परमिटवर दुसऱ्या राज्याची प्रतिस्वाक्षरी लागते, आणि मार्ग व फेऱ्या दोन राज्यांच्या करारातून ठरतात. ही सगळी व्यवस्था परमिटच्या कागदावर उभी आहे. 2018 मध्ये सूट मिळालेल्या बसकडे तो कागदच नसतो. पर्यटक परमिट काढून सीमा ओलांडता येते, पण त्यावर शिनोळी फाट्याला हात करणारा प्रवासी घेता येत नाही.