रिपोर्टमधली दुसरी ओळ: मूत्राशयासोबत सापडणाऱ्या प्रोस्टेट कॅन्सरची पार्श्वभूमी

मूत्राशयाचा कॅन्सर स्नायूच्या थरात उतरला की पुरुषांमध्ये सहसा नुसतं मूत्राशय काढून भागत नाही. त्याच्या तळाला बिलगलेली प्रोस्टेट ग्रंथीही सोबत निघते. काही दिवसांनी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट येतो आणि मूत्राशयाच्या वर्णनाखाली कधीकधी आणखी एक ओळ असते: प्रोस्टेटमध्येही कॅन्सर. आधीच खचलेल्या घराला वाटतं, आजार पसरला. बहुतेक वेळा तसं नसतं. तो वेगळ्याच जातीचा, बहुधा वर्षानुवर्षं गप्प बसलेला कॅन्सर असतो. (मूत्राशयाचाच कॅन्सर प्रोस्टेटमध्ये शिरला असेल तर गोष्ट निराळी आणि गंभीर, म्हणून ही ओळ डॉक्टरांकडून नीट समजून घ्यावी.)

असे गप्प कॅन्सर असतात हे पहिल्यांदा ठळकपणे दिसलं ते शवविच्छेदनात. १९३५ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये आर्नल्ड रिच यांनी पन्नाशी ओलांडलेल्या २९२ मृत पुरुषांच्या प्रोस्टेट तपासल्या. १४ टक्क्यांमध्ये कॅन्सर निघाला. १९५४ मध्ये लंडनच्या फ्रँक्स यांनी ग्रंथी आणखी बारकाईने पाहिल्या, तेव्हा हे प्रमाण तिघांत एकाच्याही वर गेलं.

पण मेलेल्यांवरून जिवंतांबद्दल किती बोलावं? इथे मूत्राशयाच्या शस्त्रक्रियेचं महत्त्व आहे. या रुग्णांची प्रोस्टेट काढली जायची ती मूत्राशयापायी. तिच्यात कॅन्सर असल्याच्या संशयाने नव्हे. स्टॅनफर्डच्या थॉमस स्टेमी आणि सहकाऱ्यांनी अशा १३९ ग्रंथी तपासून १९९३ मध्ये निष्कर्ष मांडले. ५५ जणांमध्ये, म्हणजे ४० टक्क्यांमध्ये, कॅन्सर होता. त्या काळी अमेरिकी पुरुषाला आयुष्यभरात हा आजार उघडपणे होण्याची शक्यता मात्र सुमारे ८ टक्के धरली जायची. उघड होणारे ते ८ टक्के म्हणजे सगळ्यात मोठ्या गाठी असलेले, असं धरून त्यांनी गाठी आकाराने लावल्या आणि तपासलेल्या पुरुषांपैकी वरच्या ८ टक्क्यांची सीमा पाहिली: साधारण अर्धा मिलीलिटर. त्याहून लहान गाठ बहुधा त्रास देणार नाही, हा त्यांचा हिशेब. मला तो धाडसी वाटतो. पुढे त्यावर वाद झाले, काहींनी सीमा वर नेली. पण सापडलेला प्रत्येक प्रोस्टेट कॅन्सर कापायलाच हवा असं नाही, या विचाराला त्याने आकडा दिला. आज कमी जोखमीच्या रुग्णांना नुसतं देखरेखीखाली ठेवतात, त्यामागे हाही धागा आहे.

वेगवेगळ्या रुग्णालयांचे आकडे इतके का बदलतात, याचं एक उत्तर पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर मिळतं. फॉर्मालिनमध्ये मुरलेल्या ग्रंथीला बाहेरून शाई लावतात, मग पात्याने तिच्या चकत्या करतात. चकत्या पाच मिलिमीटरच्या असल्या तर तिळाएवढी गाठ दोन कापांमध्ये निसटते. दोन-तीन मिलिमीटरच्या केल्या की तीच सापडते. जितकं बारीक कापाल, तितके जास्त कॅन्सर.

लैंगिक क्षमता आणि लघवीवरचा ताबा टिकावा म्हणून काही सर्जन निवडक रुग्णांमध्ये प्रोस्टेटचा काही भाग राखतात. तिथे मात्र हा गप्प कॅन्सर शरीरातच मागे राहू शकतो. म्हणून आधी पीएसए (प्रोस्टेटमध्ये तयार होणाऱ्या प्रथिनाचं रक्तातलं प्रमाण) पाहतात, गरज पडली तर बायोप्सी घेतात, आणि शस्त्रक्रियेनंतरही पीएसए तपासत राहतात.