कोकणातले मुसलमान मोगलांबरोबर आले?

‘मोगलांबरोबर आले, घरात उर्दूच बोलतात’ असं कोकणी मुसलमानांबद्दल शाळेच्या बाकांवरही सर्रास सांगितलं जातं. हे साफ खोटं आहे. अरब प्रवासी अल-मसुदी इ.स. ९१६ च्या सुमारास कोकण किनाऱ्यावरच्या चौल बंदरात आला, तेव्हाच तिथे मुसलमानांची मोठी वस्ती होती. मोगल सत्ता सुरू झाली १५२६ मध्ये!

भाषेचं म्हणाल तर वर्गमैत्रिणीच्या घरी जेवायला बसा. माझ्या मैत्रिणीची आई तव्यावरची तांदळाची भाकरी उलटता उलटता लेकीला दटावायची ते आमच्याच बोलीत, आणि मला आग्रह करून आणखी एक सांदण वाढायची. उर्दू शाळा आहेत, पण त्यामुळे घरची बोली सुटलेली नाही. लेखक आणि समाजसुधारक हमीद दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे, आणि त्यांनी कथा-कादंबरी लिहिली ती मराठीतच. असल्या अफवा पोरांच्या कानावर घालणाऱ्या मोठ्यांचा मला खरंच संताप येतो.